खांबावरचा कॅमेरा, धरणातलं पाणी : किर्गिझस्तानबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मध्य आशियातल्या किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानच्या सीमा कराराबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज येतील असं खरंच वाटलं नव्हतं. बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीये, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून सहा प्रश्न घेतलेत. कोणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, हा देश नकाशात शोधायलाच मला पाच मिनिटं लागली. तिथे दर थोड्या वर्षांनी लोक रस्त्यावर येऊन राष्ट्राध्यक्षाला पळवून लावतात असं वाचलं. मग आता एकदम सामसूम कशी काय?

पळवून लावतात हे अगदी शब्दशः खरं आहे. सोव्हिएत युनियन फुटल्यावर ३१ ऑगस्ट १९९१ ला स्वतंत्र झालेला हा देश, वस्ती साधारण ७० लाख, आणि आजूबाजूच्या देशांत एकेक नेता पंचवीस-तीस वर्षं खुर्चीला चिकटून बसलेला असताना इथल्या लोकांनी तीन वेळा खुर्ची रिकामी करून दाखवली. मार्च २००५ मध्ये अस्कार अकायेव गेले, ते मूळचे शास्त्रज्ञ, सुरुवातीला लोकांना त्यांचं फार कौतुक होतं, पण पुढे घरच्यांचाच कारभार वाढला आणि शेवटी ते रशियात जाऊन राहिले. मग कुर्मानबेक बाकियेव आले, ते एप्रिल २०१० मध्ये गेले, त्या वेळी राजधानी बिश्केकच्या मुख्य चौकात गोळीबार झाला आणि ८० च्या वर माणसं मेली, बाकियेव बेलारूसला निघून गेले. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिणेत ओश आणि जलाल-आबाद भागात किर्गिझ आणि उझबेक लोकांत जी दंगल पेटली त्यात चारशेच्या वर जीव गेले, आणि त्याची भीती तिथल्या लोकांच्या मनात अजून बसलेली आहे.

तिसरी वेळ ऑक्टोबर २०२०. ४ ऑक्टोबरला संसदेची निवडणूक झाली, मतं विकत घेतल्याचे आरोप झाले, दुसऱ्या दिवशी लोक चौकात जमले, रात्री सरकारी इमारतीत घुसले आणि तुरुंगातून जे पुढारी सोडवून आणले त्यात सादिर जापारोव होते. ते कशासाठी आत होते ते बघा, म्हणजे पुढचं कळेल. इस्सिक-कुल भागात चार हजार मीटरच्या वर बर्फात कुमतोर नावाची सोन्याची खाण आहे, देशातला सगळ्यात मोठा उद्योग, आणि ती तेव्हा कॅनडाच्या कंपनीच्या हातात होती. ती सरकारने ताब्यात घ्यावी म्हणून जापारोव यांनी आंदोलनं केली, २०१३ मध्ये एका आंदोलनात तिथल्या एका मोठ्या अधिकाऱ्याला ओलीस धरलं गेलं आणि त्या केसमध्ये त्यांना साडेअकरा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून बाहेर आल्यावर दोन आठवड्यांत ते पंतप्रधान आणि हंगामी राष्ट्राध्यक्ष दोन्ही झाले, जानेवारी २०२१ ला जवळपास ७९ टक्के मतांनी निवडून आले, त्याच वर्षी खाण ताब्यात घेतली आणि २०२२ मध्ये कंपनीशी तडजोड करून ती पूर्णपणे देशाची केली. हे लोकांना मनापासून आवडलं, यात शंका नाही.

आता सामसूम का, तर कारणं तीन-चार आहेत आणि ती एकमेकांत अडकलेली आहेत. एप्रिल २०२१ मध्ये सार्वमत घेऊन नवीन राज्यघटना आणली, संसदेची ताकद कमी करून सगळी सूत्रं राष्ट्राध्यक्षांकडे दिली. गुप्तहेर खातं त्यांचे जुने मित्र कामचिबेक ताशियेव यांच्याकडे दिलं आणि त्या खात्याने एकामागून एक जुने पुढारी, उद्योगपती, गुंड सगळ्यांना आत टाकलं, काहींकडून पैसे भरून घेऊन सोडलं. तिसरं म्हणजे हातात पैसा आला, त्याबद्दल खाली लिहिलंय. आणि चौथं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लोक थकलेत. प्रत्येक क्रांतीच्या रात्री बिश्केकमध्ये दुकानं लुटली गेली, २०२० मध्ये तर साधी तरुण पोरं हाताला पट्ट्या बांधून रात्रभर दुकानांसमोर पहारा देत उभी होती. ज्याचं दुकान एकदा लुटलं गेलंय तो पुन्हा क्रांती कशाला मागेल?

प्रश्न : तुम्ही लिहिलं होतं की एका कॅमेऱ्यावरून दोन देशांत युद्ध झालं. हे जरा सविस्तर सांगाल का? पटत नाही.

सांगते, कारण हे नीट समजलं की त्या सगळ्या भागाचं दुखणं समजतं.

किर्गिझस्तानच्या नैर्ऋत्येला बातकेन नावाचा प्रांत आहे, शेजारी ताजिकिस्तानचा इस्फारा भाग. मध्ये एकच नदी, वरच्या अंगाला तिला अक-सू म्हणतात आणि खाली इस्फारा. डोंगराळ कोरडा भाग, जर्दाळूच्या बागा आणि थोडी शेती, सगळं त्या नदीच्या पाण्यावर. सीमा अशी की एक घर किर्गिझ, शेजारचं ताजिक, त्यापुढचं परत किर्गिझ, आणि वोरुख नावाचा ताजिक गावांचा तुकडा तर चारही बाजूंनी किर्गिझ जमिनीने वेढलेला. सोव्हिएत काळात ही रेषा फक्त कागदावर होती म्हणून कोणाला काही वाटत नव्हतं, गुरं इकडून तिकडे जायची, लग्नं व्हायची. स्वातंत्र्यानंतर प्रश्न आला की रेषा नक्की कुठे? ताजिक म्हणाले १९२० च्या दशकातले नकाशे खरे, किर्गिझ म्हणाले १९५० च्या दशकातले खरे, आणि दोन्ही नकाशे मॉस्कोच्याच राज्यात बनलेले!

या नदीवर पाणी वाटायची एक जागा आहे, गोलोव्नोय म्हणतात तिला. म्हणजे काय, तर नदीवर बांध, लोखंडी दारं, तिथून पाणी इकडच्या कालव्यात किती आणि तिकडच्या कालव्यात किती ते ठरतं. २८ एप्रिल २०२१ ला ताजिक बाजूच्या लोकांनी तिथल्या विजेच्या खांबावर कॅमेरा बसवायला घेतला. एप्रिल म्हणजे पेरणीचे दिवस, पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते तो काळ. किर्गिझ गावकऱ्यांना वाटलं की आज कॅमेरा लावला तर उद्या जागाच त्यांची म्हणतील, ते खांब पाडायला गेले, दगडफेक झाली, संध्याकाळपर्यंत दोन्हीकडून शेकडो माणसं जमली आणि दुसऱ्या दिवशी सैन्य गोळ्या झाडत होतं. त्या रात्री युद्धबंदी झाली तोवर दोन्हीकडचे मिळून पन्नासच्या वर लोक मेले होते आणि किर्गिझ बाजूची कितीतरी घरं आणि शाळा जळून गेल्या होत्या.

एवढ्यावर भागलं नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये परत पेटलं आणि या वेळी रणगाडे, तोफा, ड्रोन सगळं आलं, बातकेन शहरापर्यंत मारा झाला, शंभरच्या वर माणसं गेली आणि किर्गिझ बाजूने जवळपास १ लाख ३७ हजार लोकांना घरं सोडून पळावं लागलं. आणि मला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटतं सांगू, हे दोन्ही देश रशियाच्या एकाच लष्करी संघटनेत आहेत, दोघांच्याही जमिनीवर रशियाचा तळ आहे, किर्गिझस्तानात कांत इथे विमानतळ आणि ताजिकिस्तानात पायदळाचा मोठा तळ, पण जळत्या घरांसाठी त्यातलं काही कामाला आलं नाही. रशिया तेव्हा युक्रेनमध्ये गुंतला होता.

शेवटी हे दोघांनी आपापसातच मिटवलं. ताशियेव आणि ताजिकिस्तानचे त्यांच्याच पदावरचे अधिकारी किती वेळा बसले, एकेक रस्ता, एकेक कालवा, एकेक कुरण घेऊन, काही ठिकाणी जमिनीची अदलाबदल केली, काही कुटुंबांना राहतं घर सोडावं लागलं. १३ मार्च २०२५ ला ताजिक राष्ट्राध्यक्ष इमोमाली रहमोन बिश्केकला आले, करारावर सह्या झाल्या, त्याच दिवशी दोन सीमा नाकी चार वर्षांनंतर उघडली. ३१ मार्चला ताजिकिस्तानातल्या खुजंद शहरात उझबेकिस्तानचे राष्ट्राध्यक्षही आले आणि तिन्ही देशांच्या सीमा जिथे भेटतात तो बिंदू ठरवला. जवळपास हजार किलोमीटरची सीमा तीस वर्षांनी नक्की झाली. माझ्या मते अलीकडच्या काळात जगात घडलेल्या चांगल्या गोष्टींत ही खूप वरची आहे आणि तिची बातमी मात्र फारशी कुठे आली नाही.

प्रश्न : २०२४ मध्ये त्यांची अर्थव्यवस्था ९ टक्क्यांनी वाढली म्हणे. हे सगळं रशियावरच्या निर्बंधांचं कमिशन आहे असं माझे एक मित्र म्हणतात. खरं का?

तुमच्या मित्रांचं बरंचसं बरोबर आहे पण सगळं नाही.

बिश्केकच्या उत्तरेच्या टोकाला दोर्दोय बाजार आहे. मी गेले होते तेव्हा पहिला अर्धा तास मला कळेचना की बाजार कुठे संपतो. जहाजावरचे लोखंडी कंटेनर एकावर एक ठेवलेले, खालचा म्हणजे दुकान आणि वरचा म्हणजे गोदाम, अशा कंटेनरच्या गल्ल्याच्या गल्ल्या, हजारोंनी. चीनमधून माल यायचा, इथून कझाकस्तान आणि रशियाला जायचा. त्यामुळे मधला व्यापारी होणं हे या देशाला २०२२ मध्ये सुचलेलं नाही, नव्वदच्या दशकापासून लोक त्यावरच जगलेत. शिवाय बिश्केकमध्ये घराघरांतून, तळघरांतून शिलाईचे कारखाने आहेत, तिथल्या बायका शिवतात ते कपडे रशियाच्या बाजारात विकले जातात. २०१५ पासून किर्गिझस्तान रशियाच्या युरेशियन आर्थिक संघात आहे म्हणजे मध्ये कस्टमचा त्रास नाही.

युक्रेन युद्धानंतर काय झालं की या तयार रस्त्यावरून एकदम पूर आला. गाड्या, सुटे भाग, मशिनरी. चीनची आकडेवारी सांगते की २०२३ मध्ये दोन्ही देशांचा व्यापार २० अब्ज डॉलरच्या जवळ होता आणि किर्गिझ आकडेवारीत तोच साधारण साडेपाच अब्ज दिसतो. मधला माल रशियात गेला असणार, हा अंदाज कोणालाही करता येईल. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये केरेमेत बँकेवर निर्बंध लावले, ऑगस्टमध्ये ब्रिटनने आणखी एका बँकेवर लावले आणि रुबलशी जोडलेलं एक डिजिटल चलन बिश्केकमधून चालतं, त्याच्या मागच्या कंपन्यांवरही कारवाई झाली.

पण सोन्याचा भाव वाढला तो फायदा आहे, खाण आता देशाची आहे म्हणून तो पैसा आत राहतो, करवसुली पूर्वीपेक्षा खूप कडक झालीये, बांधकाम जोरात आहे. आणि सगळ्यात जुना आधार म्हणजे रशियात काम करणारी माणसं. बरीच वर्षं जीडीपीच्या पाव भागाहून जास्त पैसा त्यांनी घरी पाठवलेला आहे. मार्च २०२४ मध्ये मॉस्कोजवळ क्रोकस सभागृहावर हल्ला झाला, पकडलेले हल्लेखोर ताजिक होते, आणि त्यानंतर रशियात मध्य आशियातल्या प्रत्येक मजुरावर संशय सुरू झाला, धाडी, कागदपत्रांची तपासणी, विमानतळावरूनच परत पाठवणं. बऱ्याच घरांत आजी-आजोबा नातवंडं सांभाळतात आणि आई-बाप दोघंही मॉस्कोत, हे चित्र तिथे इतकं नेहमीचं आहे की त्याबद्दल कोणी वेगळं बोलत पण नाही. मला ९ टक्क्यांपेक्षा त्या घरांची काळजी जास्त वाटते.

प्रश्न : चीनची रेल्वे येतेय, मग हा देश कर्जात बुडणार का?

थोडक्यात सांगते. चीनमधल्या काश्गरहून तोरुगार्त खिंडीतून जलाल-आबाद आणि तिथून उझबेकिस्तानात अंदिजान, अशी लाइन. २७ डिसेंबर २०२४ ला कामाची सुरुवात झाली, अंदाजे खर्च ४.७ अब्ज डॉलर, कंपनीत चीनचा वाटा ५१ टक्के आणि बाकी दोघांचे साडेचोवीस-साडेचोवीस. खर्चाचा निम्मा भाग चीनकडून कर्ज, पण ते कर्ज त्या तिघांच्या कंपनीच्या नावावर आहे, ही गोष्ट किर्गिझ बाजूने हट्टाने करून घेतली. आधीचं चिनी कर्ज मात्र आहेच, बरीच वर्षं बाहेरच्या एकूण कर्जापैकी साधारण ४० टक्के एकट्या चीनच्या एक्झिम बँकेचं होतं. बुडेल असं मला आज तरी वाटत नाही, पण रुळांवरून नेमका किती माल धावेल यावर सगळं आहे.

प्रश्न : ताई, माझा मुलगा बिश्केकला एमबीबीएसला आहे, तिसरं वर्ष. २०२४ मध्ये जे झालं तेव्हापासून माझी झोप उडालीये. आणि आता तो म्हणतो हिवाळ्यात लाइट जाते. मी काय समजू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तेव्हा भारताचीच साडेचौदा हजारांच्या आसपास मुलं तिथे होती, म्हणजे तितक्याच घरांत त्या रात्री कोणी झोपलं नाही.

झालं ते असं, १३ मे २०२४ ला एका हॉस्टेलजवळ स्थानिक तरुण आणि काही परदेशी, बहुतेक इजिप्तचे, यांच्यात मारामारी झाली, तिचा व्हिडिओ फिरला आणि १७ मेच्या रात्री शेकडोंचा जमाव रस्त्यावर आला. मग तो हॉस्टेलांवर गेला, पाकिस्तानी, भारतीय, बांगलादेशी, जो परदेशी दिसेल त्याला मारलं. पोलिसांना आवरायला फार वेळ लागला आणि सरकारने पहिल्यांदा बेकायदा कामगारांचंच कारण पुढे केलं, ते मला अजिबात पटलेलं नाही. पुढे अटक झाली, शिक्षा झाल्या, आणि त्यानंतर तेवढ्या प्रमाणात तसं काही झालेलं नाही. सरकारला परदेशी विद्यार्थ्यांच्या फीच्या पैशांची गरज आहे, म्हणून पोलीसही आता जास्त सावध असतात. मुलाला एवढंच सांगा की रात्री उशिरा टोळक्याने फिरायचं नाही, कोणाशी वाद झाला तर फोन काढून शूट करत बसायचं नाही, आणि वकिलातीत नाव नोंदवलंय का ते आजच विचारा.

लाइटचं मुलगा खरं सांगतोय. देशातली साधारण ४० टक्के वीज एका धरणातून येते, नारीन नदीवरचं तोक्तोगुल. पूर्ण भरलं तर साडेएकोणीस अब्ज घनमीटर पाणी आणि साडेपाच अब्जाच्या खाली गेलं की जनित्रं बंद. लोकसंख्या वाढली, सगळे विजेच्या शेगडीवर घर तापवायला लागले, पाऊस-बर्फ कमी, त्यामुळे दर वसंत ऋतूत लोक त्या पातळीचा आकडा श्वास रोखून बघतात. ऑगस्ट २०२३ पासून ऊर्जेची आणीबाणीच जाहीर केली होती, २०२६ च्या अखेरपर्यंत. बिश्केकचं घर तापवायचं गरम पाणी कोळशाच्या एका जुन्या प्लांटमधून येतं, २ फेब्रुवारी २०२४ ला तिथे स्फोट झाला आणि ऐन थंडीत कितीतरी घरं गार पडली. कंबर-अता १ नावाचं नवीन धरण उझबेकिस्तान आणि कझाकस्तानबरोबर मिळून बांधायचं ठरलंय, १८६० मेगावॉटचं, पण त्याला वर्षं लागतील. तोपर्यंत मुलाकडे चांगलं जॅकेट, पॉवर बँक आणि गरम पाण्याची पिशवी असू द्या. आणि त्या धुराच्या दिवसांत मास्क, बिश्केकची हिवाळ्यातली हवा फार वाईट असते.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. जुन्या नोट्समध्ये किर्गिझस्तानला 'मध्य आशियातलं लोकशाहीचं बेट' लिहिलंय. आज हे लिहिलं तर मार्क जातील का?

मार्कांचं माहीत नाही पण तुझ्या नोट्स जुन्या झाल्यात हे नक्की. एक प्रसंग सांगते, त्यातून तुला उत्तर मिळेल.

उझबेकिस्तानच्या सीमेवर केम्पिर-आबाद नावाचं मोठं जलाशय आहे, सोव्हिएत काळात उझबेक शेतीसाठी बांधलेलं पण बरीचशी जमीन किर्गिझ. २०२२ मध्ये सरकारने उझबेकिस्तानशी सीमा ठरवताना जलाशयाखालची साधारण साडेचार हजार हेक्टर जमीन त्यांना द्यायची आणि बदल्यात दुसरीकडे कितीतरी जास्त जमीन घ्यायची असं ठरवलं. हिशेबाने बघितलं तर सौदा वाईट नसेलही, पाणी तसंही उझबेक शेतातच जात होतं. पण काठावरच्या गावकऱ्यांना, ज्यांची जमीन आधी एकदा पाण्याखाली गेली होती, त्यांना कोणी विचारलं नाही, करार दाखवलाच नाही. म्हणून काही कार्यकर्ते, माजी खासदार, वकील एकत्र आले आणि म्हणाले कागद तरी दाखवा. २३ ऑक्टोबर २०२२ ला एका दिवसात वीसच्या वर लोकांना घरातून उचललं, आरोप दंगल घडवायचा कट. काही जण वर्षाहून जास्त आत होते. जून २०२४ मध्ये कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

दंगल झालीच नव्हती. त्यांनी फक्त प्रश्न विचारला होता, तू आत्ता मला विचारलास तसाच.

त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये भ्रष्टाचार शोधणाऱ्या एका यूट्यूब चॅनेलशी संबंधित ११ पत्रकारांना पकडलं, फेब्रुवारीत क्लूप ही शोध पत्रकारितेची संस्था बंद करायचा कोर्टाचा आदेश आला, एप्रिलमध्ये बाहेरून देणगी घेणाऱ्या संस्थांना 'परदेशी प्रतिनिधी' म्हणून नोंद करायला लावणारा कायदा आला, रशियातल्या कायद्यासारखाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुदतीआधी संसद निवडणूक घेतली, तिच्या आधी परत विरोधी पक्षातल्या लोकांची धरपकड झाली आणि निवडून आले ते जवळपास सगळे राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे.

माझं मत विचारशील तर, ताजिक सीमेचा करार झाला तो चांगलाच झाला आणि बंद दाराआड झाला नसता तर कदाचित झालाही नसता, हे मी मान्य करते. पण केम्पिर-आबादच्या त्या लोकांना आत टाकल्याने करारात एका हेक्टरचाही फरक पडला नाही. फरक एवढाच पडला की मार्च २०२५ मध्ये बातकेनचा नकाशा आला तेव्हा एखाद्याला आपलं कुरण कुठल्या बाजूला गेलं ते विचारायचं असलं तरी विचारायची हिंमत कमी झालेली होती.

तेव्हा नोट्समध्ये लिही की २००५, २०१० आणि २०२० मध्ये जनतेने सत्ता बदलली, २०२१ नंतर सत्ता एका हातात गेली, आणि राष्ट्राध्यक्षपदाची पुढची निवडणूक जानेवारी २०२७ ला ठरलेली आहे. 'बेट' हा शब्द पेन्सिलने लिहून ठेव.